बालआजारांचे प्रशिक्षण बाळासमोर व्हावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बालआजारांच्या उपचारांचे प्रशिक्षण किती आरोग्य कर्मचाऱ्यांना दिले, हा आकडा आवर्जून सांगितला जातो. परंतु त्यांपैकी किती जणांनी त्या काळात आजारी मूल स्वतः तपासले, हे सहसा कोणी विचारत नाही. बालरुग्ण विभागात अनेक वर्षे परिचारिका म्हणून काम केल्यामुळे मला हा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो.

श्वास मोजण्याचेच पाहा. खोकला झालेल्या २ महिने ते १ वर्षाच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून अधिक, आणि १ ते ५ वर्षांच्या मुलाचा ४० किंवा त्याहून अधिक असेल, तर न्यूमोनियाचा संशय घ्यावा, हे पाठ करायला वेळ लागत नाही. मात्र रडणाऱ्या बाळाची मोजणी चुकते. म्हणून ते आईच्या मांडीवर शांत होईपर्यंत थांबायचे, झबले वर सारायचे आणि मिनिट पूर्ण होईपर्यंत पोटावरची नजर हलू द्यायची नाही. बाहेर रांग वाढत असताना हा धीर टिकतो तो हाताला सवय असेल तरच, आणि श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे हे न्यूमोनियाचेच आणखी एक लक्षण तर तक्ता पाहून ओळखू येतच नाही.

आईशी बोलणे हाही शिकण्याचाच भाग आहे. जुलाब थांबले की झिंकच्या गोळ्या बंद केल्या जातात. त्या १० ते १४ दिवस का द्यायच्या, हे तिला पटवून द्यावे लागते. ‘समजले ना?’ असे विचारले की आई मान हलवते; ‘ओआरएस कसे कराल, करून दाखवा’ म्हटले की पाण्याचे माप चुकत असेल तर तिथेच कळते.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९९०च्या दशकात आखलेल्या एकात्मिक बालआजार व्यवस्थापनाचा, म्हणजे आजारी मुलाची मुख्य बालआजारांसाठी एकत्र तपासणी व उपचार करण्याच्या पद्धतीचा, मूळ अभ्यासक्रम ११ दिवसांचा होता आणि त्यात प्रत्यक्ष रुग्णतपासणीला मोठे स्थान होते. खर्चापायी दिवस कमी करावे लागले तरी त्या तपासणीला कात्री लावू नये. तसेच प्रशिक्षणानंतर ४ ते ६ आठवड्यांत प्रशिक्षकाने कर्मचाऱ्याच्या कामाच्या जागी जाऊन, त्याच्यासोबत आजारी मुले तपासण्याची जी भेट या पद्धतीत सांगितली आहे, तिच्यासाठी मूळ अंदाजपत्रकातच तरतूद असावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका