काका, तुम्ही भिंग तिच्या हातात दिलंत

काका, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. निघताना तुम्हीच म्हणाला होता, "माझं नाव कुठं घालू नका." पण कोल्हापुरात उद्यमनगरात, लेथच्या आवाजात, मागच्या छोट्या खोलीत बसून नेमबाज पोरांची पिस्तुलं नीट करून देणारे फौजेतले निवृत्त आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे, म्हटलं, की ज्यांना कळायचं त्यांना कळेल. बाकीच्यांनी निदान असा माणूस आहे एवढं तरी वाचावं.

मी कागलची. एसटीत वाहक आहे, अकरा वर्षं झाली. २०२५च्या फेब्रुवारीत एका शनिवारी तुमच्याकडे आले होते. सोबत माझी तेरा वर्षांची लेक होती आणि टॉवेलात गुंडाळून आणलेलं, हवेच्या दाबावर चालणारं एक जुनं नेमबाजीचं पिस्तूल. तुमच्या लेखी तो अर्ध्या तासाचा मामला असेल. मला मात्र त्यानंतर दोनदा तुमचा नंबर काढून फोन परत पर्समध्ये ठेवावा लागला, कारण बोलायला गेलं की गळा दाटून येत होता. म्हणून लिहिते आहे.

आमच्या घरात नेमबाजीचं वारं नव्हतंच. शाळेच्या एका शिबिरात पोरीनं पिस्तूल धरलं आणि ते तिला सोडेना. तिच्या बाबांचा फार विश्वास नव्हता. मग १ ऑगस्ट २०२४ची ती दुपार आली. माझ्या गाडीतले निम्मे प्रवासी मोबाईलवर वाकून बघत होते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला पन्नास मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं. रेल्वेत तिकिटं तपासणारा माणूस! माझ्या गळ्यात तिकिटांचं मशीन होतं आणि डोळ्यांत पाणी. त्या रात्री तिचे बाबा स्वतःहून म्हणाले, "तिला तिचं पिस्तूल घेऊया."

कारण रेंजवर पाच पोरांत एकच पिस्तूल. प्रत्येक जण आपल्या डोळ्याप्रमाणे मागच्या साईटचे, म्हणजे नेम धरायच्या खाचेचे, क्लिक फिरवणार, पुढच्यानं पुन्हा पहिल्यापासून जुळवणार. दहा मीटरवरच्या कार्डावर दहाचं वर्तुळ असतं साडेअकरा मिलिमीटरचं, शर्टाच्या गुंडीएवढं. साठ वेळा त्या गुंडीवर नेम धरायचा आणि दर वेळी हातात दुसऱ्यानं फिरवलेलं हत्यार. लेक तक्रार करायची नाही. वहीत नुसती क्लिक मोजून लिहून ठेवायची.

स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, पार्डिनी ही परदेशी पिस्तुलांची नावं ती वर्गातल्या मैत्रिणींची घ्यावीत तशी घेते. नव्याची किंमत ऐकली आणि आम्ही गप्प झालो. मग जुनं, त्यातल्या त्यात स्वस्तातलं परदेशी बघायचं ठरलं. एकानं ८५ हजार सांगितले. भिशी उचलली, दोन बांगड्या मोडल्या. हे मी कुणी कीव करावी म्हणून लिहीत नाही. त्या टॉवेलात काय गुंडाळलेलं होतं हे कळावं म्हणून लिहिते.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही तीन दारं वाजवली होती, त्याबद्दलही लिहिल्याशिवाय राहवत नाही. ज्यानं पिस्तूल विकायला काढलं होतं, तो म्हणाला, "ताई, इम्पोर्टेड आहे, त्यात बघायचं काय असतं? चारच वर्षं वापरलंय." पंधरा हजार ठेवून घेतले आणि आठवडाभर बघायला दिलं. ज्यांच्या शब्दावर आम्ही त्याच्यापर्यंत गेलो, ते पोरांना शिकवणारे गृहस्थ. त्यांनी पिस्तूल हातात न घेताच सांगितलं, "सोडू नका, परत मिळायचं नाही." सौदा झाला असता तर त्यांनाही त्यातले काही मिळणार होते, हे आम्हाला फार उशिरा कळलं. शिकवणाऱ्या माणसानं असं केलेलं मला अजून सहन होत नाही. तिसरे एक दुकानवाले. त्यांनी तपासणीचे तीन हजार मोजून घेतले, पिस्तूल आत नेलं, दहा मिनिटांत बाहेर आणून म्हणाले, "ओके आहे." काय ओके आहे विचारलं तर म्हणाले, "मॅडम, तुम्हाला ते टेक्निकल कळायचं नाही."

या तिघांत एक गोष्ट सारखी होती. तिघेही तिच्या बाबांकडे बघून बोलत होते. मी शेजारी उभी. आणि जिच्या हातात ते पिस्तूल रोज असणार होतं, तिच्याशी कुणी अवाक्षर बोललं नव्हतं.

आणि मग तुम्ही. तुम्ही टॉवेल सोडलात, नळी भिंतीकडे वळवलीत, आत काही नाही ना ते उघडून बघितलंत. मग नळीखालचा हवेचा सिलिंडर फिरवून काढलात आणि खिडकीच्या उजेडात धरलात. तुमच्या कपाळावर आठी आली, ती मी बघितली. तुम्हाला त्याच क्षणी कळलं होतं, काका. तिथंच तुम्ही "हे घेऊ नका" म्हणाला असता तरी आम्ही ऐकलं असतं, पाया पडून निघून गेलो असतो.

पण तुम्ही बोलला नाहीत. खणातून भिंग काढलंत, सदऱ्याच्या टोकानं पुसलंत, आणि तो दुखरा गुडघा धरत धरत खाली, तिच्या उंचीला बसलात. एका हातात सिलिंडर, दुसऱ्या हातात भिंग, दोन्ही तिच्यापुढे केलंत. म्हणालात, "वाच बघू बाळ, काय लिवलंय हितं?"

तिनं आधी माझ्याकडे बघितलं. वाचू का, म्हणून. मग भिंग घेतलं. बराच वेळ बघत राहिली. तुम्ही घाई केली नाहीत. बाहेर लेथ थांबला, पुन्हा सुरू झाला. शेवटी ती म्हणाली, "दाब दोनशे बार. आणि बनवल्याची तारीख झिरो सहा, दोन हजार चौदा."

"मग आज किती वर्सं झाली?"

"साडेदहाच्या वर."

"आणि नियम काय सांगतोय?"

तिला माहीत होतं. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमात हवेच्या सिलिंडरला जास्तीत जास्त दहा वर्षं आहेत, आणि मुदतीतला सिलिंडर वापरणं ही खेळाडूची स्वतःची जबाबदारी आहे. तिनं पुस्तकात वाचलं होतं, पण ते कुणी तिला आजवर विचारलंच नव्हतं. "संपली," ती म्हणाली. ती रडेल असं मला वाटलं होतं. तिनं हात पुढे केला आणि म्हणाली, "दुसरा सिलिंडर दाखवा."

दुसऱ्यावर तारीख नव्हतीच. जिथं ती असायला हवी तिथं धातू पॉलिश पेपरनं घासलेला होता. भिंगातून ते ओरखडे तिला दिसले, मग तिनं मला दाखवले. तुम्ही मला एकच सांगितलंत, "ताई, तुमच्या एसटीच्या टायरात सात-आठ बार हवा असती. ह्यात दोनशे." एवढ्यानं मला कळलं. टायर फुटल्याचा आवाज मी ऐकला आहे. त्याच्या पंचवीस पट दाब असलेला, वय लपवलेला सिलिंडर माझ्या लेकीच्या मनगटाच्या पुढे रोज दोन तास राहणार होता, आणि तारीख घासणाऱ्या माणसाला त्याचं वय माहीत होतं. त्या माणसाचा राग अजून गेलेला नाही. जावा असंही वाटत नाही.

पुढचं सगळं तुम्ही तिच्याकडूनच करून घेतलंत. पाचशे ग्रॅमचं वजन ट्रिगरला लावून पिस्तूल अलगद उचलायला लावलंत. स्पर्धेत एवढं वजन ट्रिगरनं पेलायलाच हवं. दोनदा पेललं, तिसऱ्या वेळी सुटलं. "नुसता हलका ट्रिगर असला तर स्क्रू फिरवून जागेवर आणता येतो," तुम्ही म्हणालात, "पण जो दर वेळी वेगळं वागतोय, त्याचं आतलं झिजलंय." ग्रिप, म्हणजे मूठ, मोठ्या माणसाच्या पंजाची होती, आत वुड पुट्टी भरून कुणी तरी आपल्या हाताचा साचा केलेला. तिचं बोट ट्रिगरला जेमतेम टेकत होतं. मला वाटलं होतं, हात वाढेल, मग बसेल. तुम्ही सांगितलंत की तोवर मनगट वाकवून धरायची सवय लागेल आणि ती सवय पिस्तूल बदलल्यावरही जायची नाही. तुमच्याकडच्या, त्याच मापाच्या सिलिंडरवर पाच पेलेट, म्हणजे छर्रे, मारून वेग मोजलात. दर गोळीला आकडा वेगळा. "नळी चांगली आहे," हेही प्रामाणिकपणे सांगितलंत. वाईट दिसलं म्हणून सगळंच वाईट ठरवलं नाहीत.

मग दुकानाच्या बिलाच्या पाठीमागे हिशेब मांडलात. दोन नवे सिलिंडर, ट्रिगरचं काम, सगळी सीलं, लहान हाताची ग्रिप. ८५ हजारांचं पिस्तूल सव्वा लाखाच्या पुढे जात होतं. "स्वस्त ते हेच का?" एवढंच विचारलंत आणि कागद तिच्याकडे सरकवलात.

ती हिरमुसली होती, तेव्हा तुम्ही मनू भाकरचा विषय काढलात. टोकियो ऑलिंपिकमध्ये काय झालं ठाऊक आहे का, विचारलंत. तिला आकड्यांसकट पाठ होतं. ऐन पात्रता फेरीत पिस्तूल बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला, ५७५ गुण झाले आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. "जगातलं भारीतलं पिस्तूल दगा देतंय बाळ. मग जुनं घेताना आपण भिंग लावायला लाजायचं कशाला?" पुढे पॅरिसला त्याच मुलीनं दोन ब्राँझ आणली, हे तुम्ही सांगितलं नाहीत. तिला ते सांगायची गरज नव्हती.

निघताना मी पैसे विचारले. तुम्ही दोनशे सांगितलेत. मी पाचशेची नोट दिली, तुम्ही तीनशे परत दिलेत. काका, हे मला फार भावलं. फुकट करून तुम्ही आम्हाला उपकाराखाली ठेवलं नाहीत. कामाचे पैसे घेतलेत, काम चोख केलंत, सुटे मोजून हातावर ठेवलेत. मी दिवसभर लोकांना सुटे देते, त्यामुळे मला माणूस तिथं कळतो. रात्रीच्या शेवटच्या गाडीला एखादी बाई लेकरू घेऊन चढते आणि कुणी तरी काही न बोलता खिडकीची जागा सोडतो. त्या माणसाला कुणी आभार म्हणत नाही, तो वाटही बघत नाही. अशा माणसांच्या जिवावर गाडी चालते. चांगुलपणा म्हणजे मोठं दान, असं मला लहानपणी वाटायचं. आता वाटतं, समोरचा लहान असला, गरीब असला, बाई असली, तरी त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघू देणं हा चांगुलपणा आहे. तिघांनी आम्हाला विश्वास ठेवायला सांगितलं. तुम्ही बघायला दिलंत.

पिस्तूल आम्ही परत केलं. पंधरातले पाच हजार त्यानं कापून घेतले. कापू देत.

जूनमध्ये दुसरं मिळालं. तेही जुनंच, परदेशीच, खालच्या श्रेणीतलं. रिकॉइल, म्हणजे झाडताना बसणारा धक्का, मारणारी यंत्रणा त्यात नाही. पण ग्रिप लहान हाताची, सिलिंडर एकच, आणि त्याची तारीख स्वच्छ. विकणारी एक कॉलेजातली मुलगी होती, खेळ सुटला म्हणून विकत होती. मी पुढे होऊन काही विचारणार, तेवढ्यात माझ्या लेकीनं दप्तरातून भिंग काढलं. स्टेशनरीच्या दुकानातलं, चाळीस रुपयांचं, प्लॅस्टिकच्या दांड्याचं. ते तिनं कधी घेतलं मला माहीत नव्हतं. सिलिंडर उजेडात धरून तिनं मोठ्यानं वाचलं. मग हवा भरून घेतली, दाबाचा काटा कुठं आहे ते वहीत लिहिलं, आणि त्या मुलीला म्हणाली, "ताई, रात्रभर असंच ठेवू, सकाळी पुन्हा बघू, चालेल?" ती मुलगी हसली नाही. "बघ की," म्हणाली. सकाळी काटा तिथंच होता. ६२ हजारांत सौदा झाला. उरलेल्या पैशांतून एक बांगडी परत आली.

तुम्हाला आवडेल म्हणून शेवटचं एक सांगते. पिस्तुलाच्या डब्याच्या झाकणाला आतून तिनं कागद चिकटवलाय. त्यावर तिच्या अक्षरात लिहिलंय, "सिलिंडर ०४/२०२१. एप्रिल २०३१ला बदलायचा." तेव्हा ती एकोणीस वर्षांची असेल. येत्या रविवारी माझी सुट्टी आहे, तेव्हा तिला घेऊन उद्यमनगरात येते. तुमच्या गुडघ्यासाठी आमच्या गावच्या वैद्यांचं तेलही आणते. त्याचे मात्र पैसे विचारू नका.

तुमची,
कागलची वाहक ताई