आईची गाय

मस्विंगो, झिंबाब्वे

ती. आई आणि ती. बाबा यांना
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोन मी ठेवला नव्हता. वीज गेली आणि तिच्याबरोबर रेंजही गेली. लहानपणी मी चिडून ताटावरून उठायचे हे खरं, पण या वेळी तसं नव्हतं. तरी बाबा शेवटी नुसतं 'बरं' म्हणाले ते कानात राहिलंय. त्या 'बरं'नंतर मला फोनवर पुढे बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे. आई, तू मोठ्याने वाच, बाबा चष्मा शोधत बसतील.

आधी मुद्द्याचं. मी गणपतीला येत नाही. डिसेंबरात येते, पण कायमची नाही. लग्न करते आहे आणि ते ठरलंय. विचारायला हवं होतं, मान्य. पण विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात, मग मी भांडले असते, आणि बाबांच्या छातीत ती नळी बसल्यापासून मला तुमच्याशी भांडता येत नाही. त्या वेळी मी इथे चिवीच्या शेतात उभी होते आणि दादाचा मेसेज आठ तासांनी पाहिला. ते मी विसरलेले नाही. तुम्हीही विसरला नसाल. बोलत नाही एवढंच.

आत्याला फेब्रुवारीपासून माहीत होतं, याचा आईला सर्वांत जास्त राग आलाय ना? त्याचं कारण ऐक. इथे मुलीने आपलं ठरवलेलं थेट आई-बापाला सांगणं म्हणजे उद्धटपणा. ती आधी आत्याला सांगते. आत्याला इथे 'तेते' म्हणतात. तेते मुलाची माहिती काढते, मुलीला चार गोष्टी सुनावते आणि मग योग्य वेळ पाहून भावाच्या कानावर घालते. मी इथल्या रीतीने वागले. आपल्या आत्याने योग्य वेळ म्हणून तुझा एकादशीचा उपास निवडला, याला मी काय करू? आणि खरं सांगू, आपल्या घरात आत्याशी जे झालं त्यानंतर पहिलं तिलाच सांगावं असं मला वाटलं. बाबा, यावर आणखी लिहीत नाही.

आता त्याच्याबद्दल. बाबांनी फोनवर 'ते बांटू लोक' असं म्हटलं ते पेपरात वाचून, हे मला कळलं. पण त्याच्यासमोर तसं म्हणू नका. बांटू हे भाषांच्या कुळाचं नाव आहे, आपण आर्यभाषा म्हणतो तसं. त्यात पाचशेच्या आसपास भाषा येतात. शब्दाचा अर्थ नुसता 'माणसं'. इथल्या शोना भाषेत त्याचंच 'वान्हू' होतं. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत गोऱ्या सरकारने हाच शब्द काळ्यांना खालच्या पायरीवर बसवायला वापरला. 1953 साली त्यांच्या मुलांना मुद्दाम कमी शिकवायचा कायदा केला, त्याचं नावही 'बांटू शिक्षण कायदा'. तेव्हापासून तो शब्द माणसाला लावला की टोचतो. त्याला विचाराल तर तो म्हणेल, मी शोना, त्यातला कारांगा. आपण मराठी आणि त्यातले कोकणी, तसंच.

आणि हो, जात. आईने विचारलं नाही, पण मला ऐकू आलं. जात इथे नाही. पण देवक आहे! खरंच. इथे त्याला 'मुतुपो' म्हणतात. सिंह, हत्ती, मासा, रानगाय असं प्रत्येक कुळाचं एक असतं आणि ते बापाकडून येतं. आपल्या देवकाचा प्राणी खायचा नाही, मारायचा नाही आणि त्याच देवकाच्या घरात लग्न करायचं नाही, मग ते घर दोनशे मैलांवर का असेना. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा त्याच्या आजीने नाव, गाव, पगार काही विचारलं नाही. विचारलं, तुझा मुतुपो काय? मी म्हटलं, कळंब. झाड आहे म्हटल्यावर म्हातारी जरा थांबली. झाडाचं देवक तिने कधी ऐकलं नव्हतं. मग विचारलं, तोडता का? मी म्हटलं, आमचे आजोबा त्याची वाळकी फांदीसुद्धा चुलीत घालू देत नसत. तेवढ्यावर ती उठली, माझ्यासमोर बसून तिने टाळ्या वाजवल्या. पोकळ तळव्यांनी, हळू. इथे बायका मान द्यायला अशा टाळ्या वाजवतात. आपल्यात ना वरपक्ष असा वागतो ना आजेसासू. मला रडू आलं.

त्याचं देवक सोको. म्हणजे माकड. बाबा, हसू नका. त्या कुळाची स्तुती करताना 'माक्विरामिती' म्हणतात, म्हणजे झाडांवर चढणारे. इथे मोठ्या माणसाला नावाने हाक मारत नाहीत, देवकाच्या मानाच्या नावाने मारतात, म्हणून मी त्याला 'मुकान्या' म्हणते. आजी आजोबांचं नाव न घेता 'अहो' म्हणायची, मला ते फारच जुनाट वाटायचं. आता माझंच तसं झालंय. मारुतीच्या देवळात तुम्ही शनिवारी जाता तिथे त्याला न्या, मला वाटतं त्याला फार आवडेल. पण नारळांवरच्या माकडांचं मात्र जपून बोला.

आता लेन-देन. बाबा, तुमच्या तोंडून हुंड्याविरुद्ध जे ऐकत मी मोठी झाले त्याच्या अगदी उलटी रीत इथे आहे, आणि ती मला पूर्ण पटते असंही नाही. मुलाकडचे मुलीकडच्यांना देतात. त्याला 'रोओरा' म्हणतात. मुलगा स्वतः बोलतच नाही, त्याच्यातर्फे मध्यस्थ येतो. मध्यस्थाने आधी पैसे ठेवायचे, त्याशिवाय मुलीकडचे तोंडच उघडत नाहीत. त्या पैशांना म्हणतातच 'तोंड उघडणं'. मग विचारायचं, आमच्या घरी मुलगी आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्याचेही पैसे. बसायला चुकला, दंड. आपल्याकडे मानपानावरून रुसतात ते खरं रुसतात, इथे ते सगळं हसत खेळत चालतं, निदान पाहणाऱ्याला तसं दिसतं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या दोघीजणी म्हणतात, हसतात ते पुरुष. मोठी रक्कम मोजली की सासर म्हणतं, आम्ही दिलंय, आता ही आमची. म्हणून मी त्याला स्पष्ट सांगितलं, आकडा नको. त्यालाही नको होता. कागदावर नाममात्र ठेवलंय.

पण दोन गोष्टींवर त्याची आई हटत नाही.

एक बाबांसाठी आहे. तिचं नाव 'मातेकेन्या-न्देब्वू'. मुलगी लहान असताना तिने बापाच्या दाढीला गुदगुल्या केल्या, ओढली, त्याची भरपाई. हे मला समजावून सांगत होते तेव्हा मी मान खाली घालून बसले होते. श्रावणात तुम्ही दाढी करायचा नाहीत, मी मांडीवर बसून खुंटांवर गाल घासायचे आणि 'काटे, काटे' करून ओरडायचे. तुम्ही पेपर खाली ठेवायचा नाहीत पण मान जरा वाकवायचात. तेवढंच पुरायचं. ते पैसे घ्या, बाबा. मारुतीला नारळ फोडा हवं तर.

दुसरी आईची गाय. 'मोम्बे येउमाई'. आईपणाची गाय म्हणा. बाकी सगळं पैशांत चालतं, ही मात्र जिवंत गायच लागते. ती नवऱ्याची नाही, मुलाची नाही, फक्त मुलीच्या आईची. तिच्या वासरांवरसुद्धा दुसऱ्या कुणाचा हक्क नाही. ही गाय द्यायची राहिली तर मुलीच्या आईकडचे पितर रागावतात असं मानतात, म्हणून भांडखोर जावईसुद्धा ही बुडवत नाही. त्याच्या आईला मी खूप सांगितलं, आमच्याकडे आता गोठा नाही, जागा नाही, विमानाने गाय जात नाही. ती म्हणाली, मग इथेच राहील, पण त्यांची म्हणून राहील. पसंत करून ठेवलीय. तांबडी आहे, शिंगं अजून आखूड आहेत. आई, माझ्या दापोलीच्या पहिल्या वर्षाच्या फीचं मी कुणाला सांगितलेलं नाही. त्यालाही नाही.

जेवणाची काळजी नको. मुख्य अन्न मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, त्याला साद्झा म्हणतात, आणि तो हातानेच खातात. आधी घरातलं लहान कुणी तरी सगळ्यांच्या हातावर पाणी घालतं. सोबत पालेभाजी, तीही शेंगदाण्याचं वाटण घालून. करीबा तलावातली सुकवलेली बारीक मासळी मिळते, ती लाल तिखटात परतली की डोळे मिटून आपली सुकटच. चहा इथेच चिपिंगेच्या डोंगरात पिकतो, चांगला कडक. फक्त कोकम नाही. येताना नेईन, दोन किलो काढून ठेव.

आणि नाचणी! ती मूळची याच खंडातली, पूर्वेकडच्या डोंगराळ भागातली, हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे गेली. इथे तिचं आंबील करतात, माहेवू म्हणतात. पितरांच्या पूजेला जी बिअर लागते तीही नाचणीला मोड आणून. (बाबा, नैवेद्य असतो तो. मी फक्त चव पाहिली.) माझं कामही तेच. 2024 मध्ये पाऊस गेला, मका उभा जळला, एप्रिलात सरकारने राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. तेव्हा ज्या बायकांनी कडेला थोडी नाचणी आणि ज्वारी ठेवली होती त्यांच्या घरात काही तरी शिजलं. आता त्या बियाणं मागायला येतात. दापोलीत शिकलेलं इथे इतकं कामाला येतंय की सोडून यावंसं वाटत नाही. लग्न नसतं तरी मी आणखी दोन वर्षं राहिलेच असते. हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहिलं की वाईट, आता कळेनासं झालंय.

खालच्या काकू हबशी म्हणाल्या, ते दादाने सांगितलं. त्यांना काही बोलू नका. बाबा, तुम्ही आम्हाला जंजिऱ्याला नेलं होतं, शिडाच्या होडीत मी ओकले होते, तेव्हा तुम्हीच सांगितलंत की हा किल्ला आफ्रिकेतून आलेल्या सिद्द्यांनी राखला आणि तो कुणाला जिंकता आला नाही. तेव्हा तुमच्या आवाजात कौतुक होतं. तोच आवाज विमानतळावर न्या, एवढं पुरे. इथून अर्ध्या तासावर ग्रेट झिंबाब्वे आहे. सहाशे वर्षांहून जुनी दगडी भिंत, अकरा मीटरपर्यंत उंच, आणि दगडांत चुना नाही की माती नाही. ती शोनांच्या पूर्वजांनीच बांधली, तरी गोऱ्या राजवटीत शाळेत शिकवायचे की बाहेरच्या कुणी बांधली. 1980 ला स्वातंत्र्य मिळाल्यावर देशाचं नावच त्यावरून ठेवलं. आत उत्खननात आपल्याकडून आलेले काचेचे मणी सापडलेत. तुम्ही आलात की दाखवीन. चढ आहे, पण मोठ्या वाड्याचा भाग सपाटीवर आहे, गुडघ्याला त्रास नाही.

रोज सकाळी शेजारी विचारतात, 'मारारा हेरे?' झोप झाली का? उत्तर असं द्यायचं, 'न्दारारा काना माराराओ.' तुमची झाली असेल तर माझी झाली. मी हे म्हणते तेव्हा तुम्हीच डोळ्यांसमोर येता, कारण बाबा रात्री खोकतात आणि आई जागी राहते हे मला इथून दिसतं.

म्हणून आता ऐका. रक्त पातळ होण्याची गोळी जेवणानंतर, विसरली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन नाही. आई, मीठ. पापड मोजून. बाबांनी नारळावर चढणाऱ्याला खालून सूचना द्याव्यात, शिडीला हात लावायचा नाही. डॉक्टरकडे दर तीन महिन्यांनी दादाबरोबर, आत्याबरोबर नाही, ती तुमच्या बाजूने बोलते. आणि आत्याला घरी बोलवा. या वेळी आधी आई फोन करेल. बाबा बाजूला उभे राहतील.

डिसेंबर का, तेही सांगते. इथे नोव्हेंबरात लग्नकार्य करत नाहीत, तो महिना पितरांच्या विश्रांतीचा. आपल्याकडे तुळशीच्या लग्नाआधी नाही आणि पौषात नाही. दोन्हीकडच्या पंचांगातून उरला तो मार्गशीर्ष. मध्यस्थ म्हणून त्याचा मोठा मामा येतोय, सत्तरीचा आहे, गरम पाण्याची सोय पाहा. तो तुमच्यापुढे जमिनीवर बसेल आणि टाळ्या वाजवेल, त्याला खुर्ची खुर्ची करू नका. पैसे ठेवेपर्यंत बोलायचं नाही. बाबांना ते जमेल.

आई, गाईला नाव तू द्यायचंस. फोनवर सांग, किंवा कार्डावर लिही, त्याची आई पुन्हा पुन्हा विचारते. फक्त कपिला नको.

तुमची,
बेबी

ता. क. बाबांची गलोल खुंटीवरून काढून माळ्यावर ठेवा. मुकान्या चार दिवस राहणार आहे.