कार्टूनपटांची साफसफाई जरा हात राखून

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीत जुन्या कार्टूनपटांच्या चकचकीत डिजिटल प्रतींचं कौतुक वाचलं. सगळं कौतुक चित्राचं. या सफाईत संगीताचं काय होतं, ते राहूनच गेलं.

या पटांत संगीत आणि रेखाटन फ्रेमच्या हिशेबाने एकत्र बांधलेलं असतं. वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टूनपटांचे संगीतकार कार्ल स्टॉलिंग (१९३६ ते १९५८) असोत की 'टॉम अँड जेरी'चे स्कॉट ब्रॅडली, फिल्म धावते सेकंदाला २४ फ्रेमने. दर १२ फ्रेमला ठोका ठेवला की मिनिटाला १२० ठोके, ८ ला ठेवला की १८०.

पाल या सेकंदाला २५ फ्रेम दाखवणाऱ्या पद्धतीच्या टीव्हीसाठी हीच फिल्म सरळ २५ ने पळवत. १२० चे १२५ ठोके होतात आणि पांढरी एकचा सा काळी एकच्या जवळ जातो. मूळ सात मिनिटांचा पट काटछाट नसताना ६ मिनिटं ४३ सेकंदांत संपला, तर प्रत बहुधा टीव्हीच्या टेपवरून आलेली. मूळ वेग परत आणायला चित्र आणि आवाज दोन्ही ९६ टक्के वेगाने चालवावेत, पण सॉफ्टवेअरमधली पट्टी कायम ठेवण्याची सोय बंद करून. नाहीतर लय उतरते, सूर चढेच राहतात.

खरखर काढणं याहून धोक्याचं. ऑप्टिकल ट्रॅकची, म्हणजे फिल्मच्या कडेला छापलेल्या ध्वनिपट्टीची, खरखर आणि झांजेची झळाळी एकमेकांत मिसळलेली असतात. फिल्टर जोरात लावला की झांज बद्द वाजते. चित्रातही तीच गत. धूळ एका फ्रेमपुरती दिसते, म्हणून यंत्र एकाच फ्रेममध्ये आलेली रेघ कचरा समजून पुसतं. पण थप्पड मारताना लांबलेला हातही कित्येकदा एकाच फ्रेमचा असतो! ठोका ऐकू येतो, फटका दिसत नाही.

सांध्यांचं दुखणं वेगळं. ३५ एमएम प्रिंटवर आवाज चित्राच्या सुमारे २० फ्रेम पुढे छापलेला असतो, कारण प्रोजेक्टरमध्ये फिल्मचा तोच तुकडा आधी चित्राच्या भिंगापाशी आणि मग आवाज वाचणाऱ्या भागापाशी पोचतो. खराब फ्रेम कापून सांधा मारला की चित्र आधी उडी मारतं, आवाज पाऊण सेकंदाहून थोडा उशिरा. गेलेलं चित्र भरून काढलं तरी आवाजातलं भगदाड पुढच्या प्रसंगात उरतंच. ते दुसऱ्या प्रिंटवरून वेगळं भरावं लागतं.

आपल्याकडे विजया मुळे यांचा, वसंत देसाईंच्या संगीताचा 'एक अनेक और एकता' (१९७४) आहे, फिल्म्स डिव्हिजनचे इतरही पट आहेत. त्यांचं स्कॅनिंग शक्यतो निगेटिव्हवरून, २४ च्याच वेगाने व्हावं. ध्वनीची फिल्टर न लावलेली, उच्च दर्जाची (२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ) प्रत आधी बाजूला ठेवावी आणि सफाई तिच्या नकलेवर करावी.

आपला,
एक वाचक, पुणे