हुबेहूब बाईंसारखं

चि. ताईस, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "सगळे म्हणतात मी हुबेहूब बाईंसारखी गाते. आता काहीतरी वेगळं करायलाच हवं." तुझा आवाज फार उतरला होता, म्हणून हे लिहिते आहे.

कुमार गंधर्व लहानपणी गाजले ते हुबेहूब गाण्यामुळेच. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला हा मुलगा थोर गवयांच्या तबकड्या जशाच्या तशा गाऊन दाखवायचा आणि मैफल थक्क व्हायची. पुढे मुंबईत देवधर मास्तरांकडे तालीम झाली. मग क्षय झाला. देवासला बिऱ्हाड हलवलं आणि पाच-सहा वर्षं गाणं बंद! त्या काळात माळव्यातल्या बायकांची लग्नातली, पावसाळ्यातली गाणी कानावर पडत राहिली. मालवती, संजारी हे त्यांचे राग अशा लोकधुनांतून आले. लोक त्यांना नवे राग म्हणतात, पण त्यांच्या मुळाशी कुणी रचली हेही माहीत नसलेली जुनी गाणी आहेत. आजारातून उठल्यावर त्यांच्या गाण्यात छोटे, टोकदार स्वरसमूह दिसू लागले. ते फुफ्फुसाच्या दुखण्यामुळे आले की विचारातून, यावर जाणकार अजून वाद घालतात. मला वाटतं, जी छाती होती तिच्याशी ते खोटं वागले नाहीत, एवढं नक्की.

आणि याच माणसानं 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम केला. पदं दुसऱ्याची, घराघरांत पाठ असलेली. त्यात ना नक्कल होती, ना मुद्दाम केलेली मोडतोड. नवं काही नसतानाही गाणं पूर्णपणे आपलं असू शकतं, हे मला त्यातून पटलं.

वेगळं व्हायचं ठरवलंस की सारखं इतरांकडेच बघावं लागेल, कोण काय गातंय, आपण काय टाळायचं. त्यात तुझं गाणं कुठे राहिलं गं? बाईंनी भूप रागात पंचमावरून गंधारावर येताना जी मींड, म्हणजे स्वर न तोडता घसरत येणं, शिकवली, ती तू घेतेस. घे. फक्त तिथे थांबायला तुला आवडतं का, ते बघ. बाईंचा दमसास मोठा, तुझा अजून तेवढा नाही, तरी त्यांच्याइतकी लांब तान ओढतेस आणि शेवटचे स्वर निसटतात. मला खटकतं ते एवढंच. तुझा श्वास संपतो तिथे तान संपू दे. त्यानं बाईंचा अपमान होत नाही.

त्या फ्यूजनवाल्या मुलांसोबत गाणं मनापासून आवडत असेल, तर आमची ना नाही. "हुबेहूब" म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायचं म्हणून जाणार असशील, तर थोडं थांब आणि आधी बाईंशी बोल.

तुझी,
आई