पट्ट्यावरचा आकडा आणि धमनीची भिंत

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या दोन्ही रुग्णांचं बीपी १६०/१००, मग एकाच्याच लघवीत अल्ब्युमिन (किडनीला इजा झाली की गळणारं प्रथिन) का, असं विचारलं आहेस. बीपीचा पट्टा फक्त दाब मोजतो. किडनीवर बसलेली ॲड्रिनल ग्रंथी गरजेपेक्षा जास्त अल्डोस्टेरॉन (शरीरात मीठ धरून ठेवणारं संप्रेरक) सोडत असेल, तर ते दाब चढवतंच, शिवाय धमनीच्या भिंतीवर, किडनीतल्या धमन्यांवरही, थेट घाव घालतं.

बघायच्या त्या १०० ते ३०० मायक्रॉन व्यासाच्या बारीक धमन्या. त्यांच्या अस्तरात आणि स्नायुपेशींत या संप्रेरकाचे रिसेप्टर, म्हणजे त्याला पकडणारे रेणू, असतात. ते चेतले की सुपरऑक्साइड हा घातक रेणू वाढतो, धमनी सैलावणारा नायट्रिक ऑक्साइड त्यात संपून जातो, धमनी नीट सैलावत नाही. पुढे भिंतीत कोलॅजन साचतं. नेहमीच्या उच्च रक्तदाबात बहुधा आहे तेवढीच भिंत आत सरकून पोकळी आवळते. इथे बऱ्याचदा भिंतच जाड होते. व्यास १० टक्के घटला तरी रक्तप्रवाहाला अवरोध दीडपट, कारण हिशेब त्रिज्येच्या चौथ्या घाताचा! त्यात मीठ भर घालतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मीठ तोडलं की ही हानी पुष्कळ कमी होते.

अल्डोस्टेरॉन लघवीतून पोटॅशियम घालवतं, तरी ते नॉर्मल आलं म्हणून हा आजार (प्रायमरी अल्डोस्टेरोनिझम) खोडू नकोस; बहुतेकांचं नॉर्मलच असतं. अल्डोस्टेरॉन-रेनिन गुणोत्तर कर; रेनिन हे अल्डोस्टेरॉन सोडायला लावणारं किडनीतलं विकर, आणि या आजारात हे गुणोत्तर वाढलेलं येतं. रुग्ण उठून दोन तास वावरलेला हवा, मग ५ ते १५ मिनिटं बसवून सकाळीच रक्त घे. पोटॅशियम कमी असेल तर आधी भरून काढ, नाहीतर अल्डोस्टेरॉन खोटं कमी दिसेल. मूठ उघडझाप करायला लावू नकोस, त्यानं पोटॅशियम फुगतं. नळी बर्फात ठेवायची नाही: थंडीत प्रोरेनिनचं (रेनिनच्या निष्क्रिय रूपाचं) रेनिन होतं आणि गुणोत्तर घसरतं. ही चूक वॉर्डबॉयपासून लॅबपर्यंत कुणीही करतं, म्हणून स्वतः सांगून ठेव. बीटा-ब्लॉकर (बीपीचीच एक औषधं) मात्र रेनिन दाबून गुणोत्तर वाढवतो.

एकाच बाजूचा दोष ॲड्रिनल शिरांतल्या नमुन्यांवरून ठरला तर शस्त्रक्रिया. एरवी स्पायरोनोलॅक्टोन, म्हणजे अल्डोस्टेरॉनचा रिसेप्टर अडवणारी गोळी, १२.५ ते २५ मिग्रॅपासून. पुरुषांत छाती दुखते किंवा वाढते, ते आधीच सांग. आठवड्यानं आणि महिन्यानं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला घटक) बघ. क्रिएटिनिन थोडं चढलं म्हणून लगेच गोळी बंद करू नकोस. अल्डोस्टेरॉनमुळे किडनी जादा गाळत होती. तो जोर उतरला की आधीचीच झीज उघडी पडते. पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं तर मात्र थांब.

तुझे,
बाबा