भजी, कबाब आणि सुपर ओव्हर

महोदय,
भारत-पाकिस्तान म्हटलं की वाहिन्यांना फक्त दुश्मनी दिसते, म्हणून हे पत्र. 6 जून 2024 रोजी क्रिकेटच्या टी-20 विश्वचषकात डॅलसजवळ अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये (बरोबरी फोडणाऱ्या जादा षटकात) हरवलं, तेव्हा आम्ही इथले मराठी आणि पाकिस्तानी शेजारी रजा टाकून एकाच हॉलमध्ये बसलो होतो. कांदाभजी आमची, शामी कबाब त्यांचे (भजी आधी संपली, हेही नोंदवतो). अमेरिकेकडून ते षटक टाकणारा सौरभ नेत्रावळकर मुंबईचा, त्यामुळे आमचा गळा बसलेला. शेजारचे चाचा मात्र गप्प, रिकाम्या ताटलीकडे बघत.

12 जूनला न्यूयॉर्कमध्ये भारताविरुद्ध त्याच सौरभने कोहली आणि रोहितला स्वस्तात बाद केलं. लगेच चाचांचा फोन : ‘‘भाईसाब, कबाब भेजूँ?’’

— एक वाचक, डॅलस (अमेरिका)