मंत्रीसाहेब, चित्राला चौरस फुटाचा दर लावू नका

मा. नगरविकास मंत्री साहेब, नमस्कार.

मी भिंती रंगवतो. घराच्या नाही, फ्लायओव्हरचे खांब, शाळेची कंपाउंडं, नाल्याकडेच्या भिंती. ‘शहर सुशोभीकरण’ असा बोर्ड दिसला की त्यामागे माझ्यासारखाच कुणीतरी परांचीवर लटकलेला असतो असं समजा.

मागे एका महापालिकेचं काम केलं, नाव घेत नाही, पोटाचा प्रश्न आहे. टेंडरमध्ये रंगाची कंपनी होती, चौरस फुटाचा दर होता, मुदत होती, फक्त चित्र कसलं आणि ते कोण काढणार एवढंच नव्हतं. काम मिळालं सगळ्यात कमी रेटवाल्याला, जो एरवी गटारं बांधतो, त्याने ते दुसऱ्याला दिलं, दुसऱ्याने मला, आणि माझ्यापर्यंत येईस्तोवर दर एवढा झिजला की प्रायमर मारू की जेवू अशी वेळ. मी इंजिनियरसाहेबांना म्हटलं भिंतीला मागून ओल आहे, आधी ती बंद करा नाहीतर पोपडे निघतील. ते म्हणाले पाहुणे पुढच्या आठवड्यात येतायत, पावसाळा जूनमध्ये आहे. बरोबरच होतं म्हणा त्यांचं. पोपडे जुलैत निघाले.

आणि चित्र काय काढलं? वारली. स्टेन्सिल लावून, प्लास्टिक पेंटने. वारली म्हणजे लग्नाचा चौक, गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने बायका काढतात तो. जिव्या सोमा मशे यांना २०११ ला पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. पालघर जिल्ह्यात आजही हाताने काढणारी माणसं आहेत, पण त्यांना टेंडर भरता येत नाही, अनामत रक्कम नाही, टर्नओव्हरचा दाखला नाही. मग मी काढतो. मला लाज वाटते पण काढतो.

पुतळ्यांचं तर बोलायलाच नको. मालवणला राजकोट किल्ल्यावर महाराजांचा पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये नौदल दिनाच्या समारंभासाठी बसला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नऊ महिनेसुद्धा नाही. आणि पुण्यात शिवाजी मिलिटरी स्कूलमधला करमरकरांचा अश्वारूढ पुतळा बघा, १९२८ चा ब्राँझ, तोही समारंभासाठीच झाला होता की, पण काम शिल्पकाराच्या हातात होतं.

एक टक्क्याचा नियम तुम्ही ऐकला असेल. अमेरिकेत फिलाडेल्फियाने १९५९ ला सुरू केला, पुनर्विकासाच्या जमिनीवर बांधायचं तर खर्चाचा किमान एक टक्का कलेवर. आपल्या युडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीत, पार्किंग किती, पावसाचं पाणी कसं साठवायचं हे सगळं येतं, तसं हेही आणता येईल. पण खरं सांगू, मला त्याची थोडी भीतीच वाटते, आपल्याकडे त्या एक टक्क्यात सोसायटीच्या गेटवर फायबरचे डॉल्फिन येतील. म्हणून टक्का नंतर बघू, आधी पद्धत बदला. म्हणजे चित्र-शिल्पाचं काम सिव्हिलच्या टेंडरमधून बाहेर काढा आणि निवडायला दोन-तीन कलाकार आणि त्या वॉर्डातले चार रहिवासी बसवा. लोकांना कळत नाही असं समजू नका. मुंबईत १९६५ ला इंग्रज राजाचा, सातव्या एडवर्डचा, पुतळा घोड्यासकट उचलून राणीच्या बागेत नेला तरी लोक त्या जागेला काळा घोडाच म्हणत राहिले, शेवटी २०१७ ला तिथे नवा घोडा बसवला, स्वार नसलेला.

आणि देखभाल. रस्त्याच्या काँट्रॅक्टमध्ये डिफेक्ट लायबिलिटी असते, खड्डा पडला तर त्याच माणसाला बोलावता येतं (येतो का ते सोडा). भिंतीला तसलं काही नाही. तीन वर्षांनी टचअपला थोडे पैसे बाजूला ठेवा, ओल आधी तपासा आणि कोपऱ्यात काढणाऱ्याचं नाव आणि साल लिहू द्या. नाव असलं की माणूस प्रायमर मारतो हो, पदरचे घालून मारतो.

जास्त पैसे मागत नाहीये मी. आहे तोच खर्च आपण दर पाहुण्यामागे नव्याने करतो, तेवढाच नीट करा.

माझी ती भिंत अजून आहे. खालचा भाग वाढदिवसाच्या पोस्टरांनी झाकलाय, वरच्या बाजूला तारपा वाजवणारा एक माणूस शिल्लक आहे, अर्धा. कधी यायचं ते कळवा, मी दाखवायला येतो.

आपला,
एक भिंतीवाला